टँकरवर बसा, पण येत्या सोमवारी नको

ताई, नमस्कार. मी यवतजवळच्या गावचा. बारावी झालो आणि गाडीवर लागलो, आता लाइनवर कंटेनर चालवतो. चाकणला भरायचा आणि चेन्नई, नाहीतर गुरगाव. मुलगी दोन वर्षांची आहे. घरी गेलो की पहिले दोन दिवस ती माझ्याकडे येतच नाही, आणि ओळख पटेपर्यंत माझी निघायची वेळ होते. लोणी काळभोरला एका शेठकडे लोकल टँकरवर जागा आहे. डेपोतून पेट्रोल-डिझेल भरायचं, पुण्यातल्या आणि आजूबाजूच्या पंपांवर खाली करायचं, रात्री घरी. पगार लाइनपेक्षा कमी आहे. शेठ म्हणाले, ‘वरचं तुझं तू बघ, सगळेच बघतात.’ माझ्या लायसनवर हजार्डसची, म्हणजे धोकादायक माल न्यायची नोंद नाही. त्यावर म्हणाले, ‘क्लासला तीन दिवस कशाला घालवतोस, सर्टिफिकेट मी आणून देतो, सोमवारी गाडीवर ये.’ बायको म्हणते घ्या. आई म्हणते, बॉम्ब घेऊन हिंडायची नोकरी नको. एक मित्र म्हणतो, टँकरवर एकदा बसलास की तिथेच अडकलास. मी काय करावं?

— एक ड्रायव्हर, तालुका दौंड

नमस्कार,

उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे तुम्ही निवांत वाचाल. टँकरचं काम घ्या. मात्र या सोमवारी, त्या सर्टिफिकेटवर आणि ‘वरचं तू बघ’ या बोलीवर घेऊ नका. शेठ या दोन गोष्टी सोडायला तयार असतील तर त्यांच्याकडेच घ्या. नसतील तर लोणीला टँकरमालक काही एकच नाही.

माझं सासर पंपवाल्यांचं. मी बरीच वर्षं पंपाच्या ऑफिसात बसले आणि टँकर उतरवून घेतले. ड्रायव्हिंग मला येत नाही, घाटात कुठला गिअर टाकायचा हे तुम्हीच मला सांगाल. पण टँकर पंपाच्या आवारात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत काय होतं आणि कुठे बिघडतं, ते मी रोज पाहिलंय. त्यामुळे माझा सल्ला त्या बाजूने आहे.

आधी आईंचं. त्यांना ‘काही होत नाही गं’ असं म्हणून उडवून लावू नका, कारण होतं. फक्त कशामुळे होतं हे तुम्हाला नीट माहीत असलं, तर त्यांच्याशी खरं बोलता येईल. पेट्रोल पातळ असताना जळत नाही, त्याची वाफ जळते. हवेत ती वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एक ठिणगी पुरते. टँकरच्या काठोकाठ भरलेल्या कप्प्यात वाफेला हवा मिळत नाही. कप्पा रिकामा झाला की आत हवा शिरते, तळाशी आणि भिंतींना लागलेलं पेट्रोल वाफ सोडत राहतं, आणि नेमकं पेट घेईल असं मिश्रण तयार होऊ शकतं. म्हणून ‘आता काय, रिकामीच गाडी’ असं म्हणून झाकणाजवळ बिडी पेटवणारा क्लीनर मला भरल्या टँकरपेक्षा जास्त घाबरवतो. ही वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटते, गटारात उतरते, शेजारच्या चहाच्या टपरीखाली जाऊन बसते. डिसेंबरातल्या पहाटेसुद्धा पेट्रोल वाफ सोडतच असतं. कायद्यात पेट्रोल ‘अ’ वर्गात आणि डिझेल ‘ब’ वर्गात आहे, ती रेघ २३ अंशांवर मारलेली आहे. त्याच्या खालच्या तापमानाला ज्याची वाफ पेट घेऊ शकते ते ‘अ’. डिझेल त्या मानाने शांत. पण आधी पेट्रोल असलेल्या कप्प्यात डिझेल भरायचं असलं की त्या शांतपणावर जाऊ नका. आत उरलेली पेट्रोलची वाफ आणि पाइपातून येणाऱ्या डिझेलने आणलेली स्थिर वीज, ही जोडी वाईट.

आणि हे सगळं बहुतेक वेळा गाडी उभी असताना घडतं. तुम्ही इतकी वर्षं रस्ता सांभाळलात. टँकरवर रस्त्याइतकंच उभं राहणं सांभाळावं लागतं, आणि लाइनच्या ड्रायव्हरला नेमकं तेच जड जातं. गाडी लावली की त्याच्या मनाने काम संपलेलं असतं.

आमच्याकडे एक वयस्क ड्रायव्हर यायचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांची गाडी उतरवताना मी बरेचदा बाहेर येऊन उभी राहायचे, नुसतं बघायला. गाडी सपाट जागेवर, तोंड बाहेरच्या गेटकडे, म्हणजे वेळ आली तर रिव्हर्स न घेता सरळ काढता यावी. इंजिन बंद, मास्टर स्विच बंद, चाकांना लाकडी ठोकळे. अग्निशामक सिलिंडर केबिनजवळ न ठेवता, जिथे पाइप जोडायचा तिथे, पिन हाताला येईल असा. मग अर्थिंगची तार. पंपावरचा चिमटा ते टँकरच्या पट्टीला लावायचे, आणि लावण्याआधी ती पट्टी खिशातल्या कानशीने दोनदा घासायचे. रंग किंवा गंज असला तर चिमटा नुसता लटकतो, वीज जमिनीत उतरत नाही. पाइपातून पेट्रोल वाहताना स्थिर वीज तयार होते, टँकर रबरी टायरवर उभा, ती जाणार कुठे? एवढं झालं की मामा घड्याळ बघून बाजूला बसायचे. दहा मिनिटं. आतलं तेल शांत होईपर्यंत झाकण उघडायचं नाही, डिप टाकायची नाही, म्हणजे तेल मोजायचा रॉड आत सोडायचा नाही. आमच्या पोरांना घाई असायची, गिऱ्हाइकांची रांग असायची, मॅनेजर घसा ताणायचा. मामा म्हणायचे, ‘तुम्ही ओरडा, मी बसतो.’

ती दहा मिनिटं तुम्हाला बसता येतील का, हे शेठ पैसे कसे देतो त्यावर ठरतं. म्हणून पगाराची बोली करताना हे विचारा: पगार महिन्यावर की खेपेवर? खेपेवर पैसे असले की माणूस आधी या दहा मिनिटांवर कात्री लावतो, मग ठोकळ्यांवर, मग अर्थिंगवर. सांगून कोणी असं करत नाही, आपोआप होतं. ठरलेला पगार आणि वर माफक भत्ता, अशी बोली करा, मग महिन्याला दोन पैसे कमी पडले तरी चालतील. दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यापासून कागदावर आहे. टँकरच्या धंद्यात ती कितपत पाळली जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. पण पहाटे चारला उठलेल्या माणसाला संध्याकाळी तिसरी खेप घ्यायला लावणारा मालक आणि ‘राहू दे, सकाळी पहिला नंबर लाव’ म्हणणारा मालक, दोन्ही लोणीत आहेत. गेटबाहेर चहा पिणाऱ्या ड्रायव्हरांना विचारा, कोण कसा ते पाच मिनिटांत कळेल. टायर कधी बदलले, पीएफ कापतात की नुसता म्हणतात, हेही तिथेच विचारा.

आता ते सर्टिफिकेट. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नववा नियम सांगतो की धोकादायक माल वाहणाऱ्या ड्रायव्हरने तीन दिवसांचं प्रशिक्षण पुरं केलेलं असावं आणि त्याची नोंद लायसनवर असावी. त्याला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावी, असंही त्यात आहे. बारावी झालेल्याला त्याची भीती नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा लायसनची मुदत तीन वर्षांची असते, मग नूतनीकरण. शेठच्या लेखी हे तीन दिवस वाया जाणार. हिशेब मात्र असा आहे: उद्या काही झालं तर सर्टिफिकेट बोगस आहे हे चौकशीत पहिल्या दिवशी बाहेर येईल. विमा कंपनी हात वर करायला असंच कारण शोधत असते. शेठ म्हणेल, ड्रायव्हरने आणून दिलं, मी विश्वास ठेवला. खोट्या कागदावर नाव तुमचं असेल.

पण कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी त्या क्लासात तुमच्या उपयोगाचं शिकवतात. टँकरच्या मागच्या-बाजूच्या पाटीवर आकडे असतात, ते तुम्ही हायवेवर हजारदा पाहिले असतील. पेट्रोलचा १२०३, डिझेलचा १२०२. फायर ब्रिगेडचा माणूस तो आकडा लांबून वाचतो आणि पाणी मारायचं की फेस, ते ठरवतो. पाटी चिखलाने माखलेली असली तर तो अंधारात चाचपडतो. केबिनमध्ये ट्रेम कार्ड असतं, गळती झाली, आग लागली, डोळ्यात उडालं तर काय करायचं ते त्यावर लिहिलेलं. बऱ्याच गाड्यांत ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून देवाच्या फोटोमागे ठेवलेलं असतं. देवाला नमस्कार करताना ते एकदा बाहेर काढून वाचलंत तरी पुरे.

माझं ठाम मत ऐका. जो मालक तीन दिवस वाचवायला खोटा कागद आणतो, तो टायरवरही वाचवतो, ब्रेक लायनिंगवरही वाचवतो आणि पावसाळ्यात गळक्या झाकणाच्या रबरी वॉशरवरही वाचवतो. म्हणून त्यांना इतकंच म्हणा: ‘शेठ, तीन दिवस द्या, क्लास करून, लायसनवर चढवून येतो, मग बसतो.’ भांडण नको, भाषण नको. ‘बरं, ये करून’ म्हणाले तर माणूस बरा आहे, घाईत बोलून गेला. ‘मग दुसरा बघतो’ म्हणाले तर बघू द्या.

‘वरचं’ हा मात्र सरळ विषय आहे आणि त्यावर मी गोड बोलणार नाही. डेपोतून निघालेल्या टँकरमधून पंपावर पोचायच्या आत तेल काढणं म्हणजे चोरी. आणि काढलेलं लपवायला त्यात दुसरं काही ओतणं म्हणजे भेसळ. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा आहे, त्यात सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पकडणं पूर्वीइतकं अवघडही राहिलेलं नाही. गाडीवर ट्रॅकिंग असतं, कुठे किती वेळ थांबलात ते ऑफिसात दिसतं. झाकणाला आणि व्हॉल्व्हला नंबरी सील असतं. पंपवाला घनता तपासतो, १५ अंशांना बसवलेला आकडा चलनातल्या, म्हणजे डेपोने मालाबरोबर दिलेल्या कागदातल्या, आकड्यापेक्षा घनमीटरला ३ किलोहून जास्त इकडे-तिकडे झाला की माल उतरवूनच घेत नाही. मी स्वतः असे टँकर परत पाठवलेत. त्या वेळी ड्रायव्हरचा चेहरा बघवत नाही. त्यात त्याचा हात असेल किंवा नसेल, शेठ फोनवर त्यालाच शिव्या देत असतो.

या धंद्याच्या मागे कोण असतं हेही विसरू नका. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीला अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळवाल्यांनी दिवसाढवळ्या जाळून मारलं. ते इंधनाची चोरी पकडायला थांबले होते. ज्या ढाब्यामागे ड्रायव्हर ‘वरचं’ बघतो, तिथे समोर कोण उभं असतं ते तुम्हाला ठाऊक नसतं. आणि एकदा तुम्ही त्यांच्याकडून पैसे घेतलेत की पुढच्या वेळी ‘आज नको’ म्हणायची सोय राहत नाही.

‘सगळेच बघतात’ हे खरंही नाही. पण कमी पडलेल्या लिटरांचं पाप प्रामाणिक ड्रायव्हरच्या माथी मारलं जातं, हे खरं आहे. त्यापासून स्वतःला वाचवायचं तर हिशेब समजून घ्या. पेट्रोल तापलं की फुगतं, निवलं की आकसतं. १२ हजार लिटरच्या गाडीत तापमान ५ अंशांनी उतरलं तर साठेक लिटर कमी दिसतं, आणि कोणी थेंबभरही काढलेलं नसतं. लोणीहून हडपसर किंवा उरुळी कांचनला जाईपर्यंत टँकरमधलं तापमान फारसं बदलत नाही. जमिनीखालच्या टाकीत ते थंड होतं. म्हणून पंपवाला जर उतरवून झाल्यावर, टाकीची डिप घेऊन ‘इतके कमी आले’ म्हणू लागला, तर ऐकून घेऊ नका. डिप टँकरमध्येच, आधीच, सपाट जागेवर, त्याच गाडीच्या शिक्क्याच्या रॉडने झाली पाहिजे. कप्प्यागणिक आकडा चलनावर लिहून घ्या आणि मॅनेजरची सही घ्या, मगच व्हॉल्व्ह उघडा. गाडी जरा जरी कललेली असली तर रॉडवर लिटरांचा फरक पडतो, त्यामुळे उतारावर उभं करून डिप घेणाऱ्या पंपवाल्याला नम्रपणे गाडी हलवू द्यायला सांगा. याच्या उलटही आहे. रस्त्यात ‘उन्हाने उडालं’ ही सबब वीस किलोमीटरच्या खेपेत कोणी ऐकत नाही, आणि ऐकूही नये. घट आली तर ती कोणाच्या पगारातून, हे शेठकडे बसायच्या आधी विचारा. लेखी मिळालं तर उत्तम.

सील उघडतानाही मामांची एक पद्धत होती. सीलचा नंबर मॅनेजर चलनावरून मोठ्याने वाचणार, मामा गाडीवरचा नंबर मोठ्याने वाचणार, दोन्ही जुळले की कात्री. त्यानंतर पाणी ओळखायची पेस्ट रॉडला लावून तळ तपासायचा. पाणी असेल तर पेस्टचा रंग बदलतो. हे हल्ली जास्त महत्त्वाचं झालंय, कारण पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाणी खाली आणि पेट्रोल वर असं फाटतं. पावसाळ्यात झाकणाचं वॉशर झिजलेलं असेल, तर कात्रज ते कोथरूड एवढ्या पावसातही कप्प्यात पाणी जाऊ शकतं, आणि दुसऱ्या दिवशी पंपावर बंद पडलेल्या स्कूटरी ढकलत माणसं येतात. त्यांची बोलणी आम्ही खाल्लीत.

मग पाइप जोडणं. मी पाहिलेली बहुतेक लफडी इथलीच. डिझेलच्या तोंडाला पेट्रोलचा पाइप. झाकणांना रंग असतात, पाट्या असतात, तरी होतं, कारण ड्रायव्हर क्लीनरवर सोडतो आणि क्लीनर पंपाच्या पोरावर. पाइप तुमच्यासमोर जोडला जाऊ दे. टाकीत जागा किती आहे ते पंपवाल्याकडून आकड्यात ऐका, ‘आहे आहे’ चालणार नाही. तीन हजार लिटरचा कप्पा आणि अडीच हजारांची जागा, म्हणजे पाचशे लिटर पेट्रोल फरशीवर आणि तिथून गटारात. आणि खाली होईपर्यंत गाडी सोडून जायचं नाही. चहा, फोन, बाथरूम, सगळं आधी किंवा नंतर. शेवटी प्रत्येक व्हॉल्व्ह उघडून, अर्थिंग लावलेल्या ॲल्युमिनियमच्या बादलीत थेंब निथळून पंपवाल्याला दाखवा. प्लॅस्टिकची बादली कोणी पुढे केली तर नाही म्हणा, तिच्यात वीज साठते. कपडे सुती घाला. शेठ चकचकीत नायलॉनचं जॅकेट देईल, ते लग्नाला घाला.

रस्त्याचं तुम्हाला मी काय सांगणार, पण लाइन आणि लोकल यांतला फरक सांगते. हायवेवर गाडी एकदा लागली की लागली. इथे हडपसर गाडीतळाची कोंडी, फुरसुंगीचे फाटे, जड वाहनांना बंदी असलेल्या वेळा, आणि पंपाच्या कोपऱ्यावर लावलेली एक स्विफ्ट जिच्यामुळे टँकर वळत नाही. एक पंप उरकला की पुढचे कप्पे भरलेले आणि मागचा रिकामा, गाडीचा तोल बदललेला असतो. सासवडची खेप असली तर दिवे घाटात हे जाणवेल. उतरताना घाटात किंवा नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येताना न्यूट्रल नको आणि डिझेल वाचवायला इंजिन बंद तर मुळीच नको. २० नोव्हेंबर २०२२ ला त्याच उतारावर एका ट्रकने बऱ्याच गाड्या ठोकरल्या. ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. इंजिन बंद म्हणजे ब्रेकची हवा भरणं बंद. लाइनवर काहींना ती सवय लागते. तुम्हाला असेल तर इथे येण्याआधी मोडा.

आषाढात तुकोबांच्या पालखीचा एक मुक्काम लोणी काळभोरला आणि पुढचा यवतला असतो. म्हणजे तुमचा डेपो आणि तुमचं घर, दोन्ही वारीच्या वाटेवर. माऊलींची पालखी दिवे घाटाने सासवडला जाते. त्या दिवसांत सोलापूर रस्ता वळवतात, आणि पंपवाले दोन दिवस आधीपासून सगळे एकदम माल मागतात. ‘रात्री घरी’ हे वाक्य त्या आठवड्यात धरून चालू नका. दिवाळीच्या आधीही तसंच.

गाडी उलटली, किंवा कोणी मागून ठोकली आणि गळू लागली, तर तेलापेक्षा माणसं आवरणं अवघड. लोक बादल्या घेऊन धावतात. जून २०१७ मध्ये पाकिस्तानात अहमदपूर शर्कियाजवळ उलटलेल्या टँकरमधलं पेट्रोल भरून न्यायला गर्दी जमली, आग लागली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. आपल्याकडे जून २०२३ मध्ये एक्स्प्रेसवेवर खंडाळ्याजवळ कुणेच्या पुलावर मिथेनॉलचा टँकर पेटला, आणि जळतं रसायन खालच्या रस्त्यावर ओघळलं. चार जण गेले. तुमचं काम इतकं: मास्टर स्विच बंद, १०१ किंवा ११२, डेपोला फोन, आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून गाड्या आणि माणसं लांब थांबवणं. सुरू असलेली बाइक बाजूने जाऊ द्यायची नाही, मग तो कितीही ओरडो.

अपघातानंतर पळायचं की थांबायचं, हा प्रश्न ड्रायव्हरांच्या गप्पांत २०२४ च्या जानेवारीपासून जास्तच येतो. नव्या न्याय संहितेतल्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध तेव्हा गाड्या उभ्या राहिल्या आणि ठिकठिकाणी पंप कोरडे पडले. संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, ते १०६ (२) पोटकलम मात्र तेव्हा बाजूला ठेवलं गेलं. मोटार वाहन कायद्याचं १३४ वं कलम जुनंच आहे: जखमीला मदत करा आणि पोलिसांना कळवा. जमाव अंगावर येत असेल तर जागेवर थांबण्याची सक्ती त्यात नाही. मग तडक जवळचं पोलीस स्टेशन गाठायचं, चोवीस तासांच्या आत. टँकर सोडून मात्र दोनदा विचार करून निघा, कारण त्याच्या आत काय आहे हे तिथे फक्त तुम्हाला माहीत असतं.

मित्राचं म्हणणं मला पटत नाही. हजार्डसची नोंद असलेला, घनता आणि डिप समजणारा ड्रायव्हर उद्या गॅसच्या बुलेट टँकरवर किंवा केमिकलच्या टँकरवर जाऊ शकतो, आणि कंटेनरवर परत जायचं तर कोण अडवणार आहे?

पगाराचं म्हणाल तर बायकोबरोबर बसून कागदावर मांडा. ढाब्याचं जेवण, रस्त्यातला खर्च, महिन्यातून दोनदा येण्या-जाण्याचं भाडं, हे वजा केल्यावर लाइनचा आकडा किती उरतो ते बघा. तुमचं पत्र वाचताना मला तरी वाटलं की बाईंनी तो हिशेब आधीच केलाय. त्यांना एवढं सांगून ठेवा की लोकलवर माणूस रोज घरी येतो खरा, पण आठ वाजता झोपायला. डेपोत नंबर लावायला पहाटे निघावं लागतं. मुलीला ओळख पटायला सकाळचा अर्धा तास नाही मिळणार, संध्याकाळचाच मिळेल. सुट्टीच्या दिवशी शेठचा फोन आला की प्रत्येक वेळी ‘आलो’ म्हणू नका, पहिल्या महिन्यात जी सवय लावाल तीच पुढे राहील.

आईंना वरचं सगळं सांगायची गरज नाही. अर्थिंगचं आणि त्या दहा मिनिटांचं सांगा. बॉम्ब घेऊन हिंडणारा माणूस असं काही सांगत नाही, हे त्यांना कळेल. तरी त्या काळजी करतीलच, तुम्ही कंटेनर घेऊन चेन्नईला जाता तेव्हाही करतच असतील.

लायसनच्या कामाला तुम्हाला पुण्याला जायला नको, दौंड तालुका बारामती आरटीओकडे येतो. क्लासला बसण्याआधी एक बघा: संस्था मान्यताप्राप्त आहे का, आणि तीन दिवस खरंच बसवतात का. काही ठिकाणी पहिल्याच दिवशी दुपारी सर्टिफिकेट हातात ठेवून ‘जा घरी’ म्हणतात. तसं म्हणाले तरी तुम्ही बसा, फी भरली आहे. लायसन, मूळ सर्टिफिकेट आणि त्याच्या दोन झेरॉक्स जवळ ठेवा. मूळ कागद शेठच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला देऊ नका, कोणीही कितीही प्रेमाने मागितला तरी.